एका रात्रीचे बिढार

खानदेशात ‘हॉटेल’ हा शब्द उच्चारला, तर मुक्कामाची कल्पना कोणाच्याही मनात येत नाही. हॉटेल म्हणजे चहा, भजी, फार तर शेवभाजी. रात्र काढायची ती ‘लॉज’वर, आणि लॉजवर तरी का काढायची, त्या गावात आपले कोणी नाही काय? हा शेवटचा प्रश्न गेले दोन महिने आम्हांला इतक्या जणांनी, इतक्या निरनिराळ्या सुरांत विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा लिहूनच द्यावे असे वाटू लागले.

प्रसंग साधा आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावच्या महाविद्यालयात, दुसरी धुळ्याच्या. मध्ये नव्वदएक किलोमीटरचा रस्ता. लग्नाला यंदा वीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांतील बहुतेक काळ आम्ही दोन गावांत, दोन भाड्याच्या घरांत, शनिवार-रविवारचा संसार केला आहे. या वीस वर्षांच्या निमित्ताने एक रात्र मुंबईतील एखाद्या मोठ्या, नामांकित हॉटेलात काढायची, असे आम्ही ठरवले. नातेवाइकांनी पैशांचा हिशेब मांडला. एका सहकारी मित्राने मात्र वर्मावरच बोट ठेवले. तो म्हणाला, “वर्गात ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवायचे आणि निजायला पंचतारांकित पलंग शोधायचा, हे कसे काय?”

या आक्षेपाला हसण्यावारी नेता येत नाही. प्रस्तुत लेखन हे त्याला दिलेले उत्तर आहे. आणि उत्तर शोधता शोधता आम्ही हॉटेल कसे निवडले, त्याची हकिकतही आहे.

निवडीची सुरुवात अर्थातच जाहिरातींच्या वाचनाने झाली. भाषेच्या अध्यापकांनी हा वाङ्मयप्रकार एकदा तरी मन लावून वाचावा. त्यात प्रत्येक खोली ‘प्रशस्त’ असते, प्रत्येक सेवा ‘अगत्यशील’ असते आणि प्रत्येक अनुभव ‘अविस्मरणीय’ असतो. विशेषणे इतकी सर्रास वापरलेली, की एका हॉटेलाचे वर्णन दुसऱ्याला लावले तरी काही बिघडू नये. मग आम्ही ताऱ्यांकडे वळलो. हे तारे कोण देते? केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची एक समिती अर्ज करणाऱ्या हॉटेलांची पाहणी करून त्यांना एक ते पाच तारे आणि त्यापुढे ‘पंचतारांकित डीलक्स’ असा दर्जा देते. १९५० पूर्वीच्या वास्तूंसाठी ‘हेरिटेज’ असे वेगळे वर्गही आहेत. ही व्यवस्था खोलीचा आकार, स्नानगृहाच्या सोयी, उद्वाहन, आगीपासूनची सुरक्षितता यांचे मोजमाप करते, आणि ते आवश्यकच आहे. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय असते, हे कोणताही तारा सांगत नाही. आम्हांला तर नेमके तेच हवे होते.

ते का हवे होते, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुक्काम ही मराठी वाङ्मयाला सुरुवातीपासून महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहा. चक्रधरस्वामी कोठे घटकाभर बसले, कोठे रात्री वसतीला राहिले, कोठे त्यांचे दीर्घ अवस्थान झाले, याची नोंद त्या पंथाने गावोगावच्या देवळांच्या आणि मठांच्या दिशा-उपदिशांसह जपली. ‘बिढार’ हा सुंदर शब्दही आपल्याला त्याच परंपरेत भेटतो. बिढार म्हणजे घर नव्हे; उतरण्याची, तात्पुरती आपली म्हणण्याची जागा. आपल्याच यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ साली हाच शब्द कादंबरीच्या शीर्षकस्थानी आणला. पुढे एकोणिसाव्या शतकात विष्णुभट गोडसे यांच्यासारखा भिक्षुक १८५७ च्या वणव्यातून उत्तर हिंदुस्थान पालथा घालून परत येतो, तेव्हा त्याच्या ‘माझा प्रवास’मध्येही आज कोठे उतरायचे, हा प्रश्न सतत असतो. गोडसे भटजींची वणवण खरीच होती. पण त्यांच्याजवळ एक न दिसणारे ओळखपत्र होते, त्यांची जात. तिच्यामुळे अनोळखी गावातही ओसरी मिळू शकत होती.

‘पाहुणचार’ या शब्दाविषयी आपण मराठी माणसे फार हळवे असतो. घरचे अगत्य खरे आणि पैसे देऊन मिळणारे खोटे, अशी आपली एक वाङ्मयीन समजूत आहे. आमच्या खानदेशात तर पाहुण्याला भरीत आणि कळण्याची भाकरी आग्रहाने वाढून त्याला उठणे अशक्य करणे ही कलाच आहे. हे सारे खरे असूनही एक गोष्ट उरते. घरच्या पाहुणचाराच्या दारावर एक प्रश्न उभा असतो आणि तो फार सहजपणे विचारला जातो : “आडनाव काय म्हणालात?” झाक देरिदा या फ्रेंच विचारवंताने आतिथ्याची चर्चा करताना हाच पेच मांडला आहे. आलेल्याला नाव विचारून आत घ्यावे, की न विचारता? त्याच्यापुढे परदेशी माणूस होता. आपल्याकडे त्यासाठी परदेशी असण्याची गरज नव्हती.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. शिष्यवृत्ती देणाऱ्या त्या राजधानीत त्यांना उतरायला जागा नव्हती. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढला. हे त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. पैसे होते, पदवी होती, संस्थानची नोकरी होती. नव्हते ते केवळ चालणारे आडनाव.

त्याच आठवणींत आमच्या खानदेशाचीही एक रात्र आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून आंबेडकर या भागात हिंडत होते. मुंबईकडे परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या रेल्वे-फाट्यावरील एका गावात सामाजिक बहिष्काराचे प्रकरण होते, ते त्यांना पाहायचे होते. चाळीसगावच्या महार मंडळींनी आग्रह धरला : आजची रात्र आमच्याकडे राहावे. ते राहायला तयार झाले. गावाहून परत आल्यावर स्टेशनवरून वस्तीकडे जायचे, तर एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाईना. टांगा भाड्याने द्यायची तयारी होती, पण महाराला बसवून तो स्वतः हाकायची नव्हती. पाहुण्याने पायी यावे हे यजमानांना मान्य नव्हते. म्हणून त्यांच्यापैकीच एकाने, टांगा हाकायची सवय नसताना, लगाम हाती घेतला. वाटेतल्या मोरीवर अपघात झाला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय जायबंदी झाला.

हा प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. शिकवताना टांगेवाल्यांच्या नकारावर बोलून आम्ही पुढे जात असू. या वेळी हॉटेल निवडता निवडता आमचे लक्ष यजमानांकडे गेले. त्या लोकांना टांगा कशासाठी हवा होता? स्टेशनपासून वस्तीपर्यंत चालणे बॅरिस्टरांना अशक्य नव्हते. टांगा ही त्या रात्रीची चैन होती. आपला माणूस दिमाखात आला पाहिजे, येताना त्याला कोणी खाली पाहायला लावता कामा नये, एवढ्यासाठी ती होती. चैन आणि प्रतिष्ठा या दोन शब्दांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही. ज्यांना प्रतिष्ठा जन्मतःच मिळाली, त्यांनाच चैन ही निव्वळ उधळपट्टी वाटू शकते.

आता आमच्याविषयी. आम्हा दोघांची आडनावे एका पंगतीत बसणारी नाहीत. लग्नानंतर तिने आपले आडनाव बदलले नाही आणि दाराच्या पाटीवर दोन्ही राहिली. पहिले घर भाड्याने शोधताना, दोन खोल्या, पाण्याची वेळ, डिपॉझिट हे सारे पसंत पडल्यावर एका सभ्य गृहस्थांनी दोन्ही आडनावे विचारली. मग किंचित थांबून ते म्हणाले, की पुतण्याचे लग्न ठरते आहे, खोल्या लागतील. असे पुतणे आम्हांला त्या उन्हाळ्यात बरेच भेटले. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक जात लपवून परगावात खोली मिळवतो. ते गाव उधना, आमच्या जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. आम्ही ती कथा विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून शिकवत होतो आणि संध्याकाळी खोल्या पाहत हिंडत होतो.

मुंबईत आमचे नातेवाईक आहेत, हे खरे. दोघांचेही आहेत. पण वीस वर्षांत एकही घर असे मिळाले नाही, की जेथे आम्ही दोघेही सारख्याच निर्धास्तपणे सकाळी उशिरापर्यंत झोपू शकू. कोणी अपमान करत नाही, तसे काही नाही. फक्त एकाला पाणी पुढे येते आणि दुसऱ्याला ‘घे ना’ म्हणून सांगितले जाते. अशा घरी दोघांपैकी एक जण नेहमी पाहुणा असतो आणि दुसरा त्या पाहुण्याचा जामीन. आम्हांला एक रात्र अशी हवी होती, की जेथे दोघेही फक्त पाहुणे असू.

एवढे स्पष्ट झाल्यावर हॉटेलाच्या इतिहासाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मुंबईच्या काळा घोडा भागात १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सांगाडे आणून उभारलेले वॉटसन हॉटेल आजही जीर्णावस्थेत उभे आहे. त्याला आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. याच ठिकाणी ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली. हे हॉटेल गोऱ्यांसाठी होते. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. तिला समकालीन पुरावा नाही, असे अभ्यासक सांगतात; आपल्या शहराला साजेसे हॉटेल असावे, हेच कारण त्यांना अधिक संभवनीय वाटते. पण आख्यायिकेच्या खरेपणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती लोकांना का हवीशी वाटली, हा असतो. दार नाकारले गेले तर आपले दार बांधावे, ही आकांक्षा ज्या समाजाला जवळची वाटते, त्याने दार नाकारले जाणे अनुभवलेले असते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ते हॉटेल सुरू झाले. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतरचा, १९२४ साली खुला झालेला. म्हणजे कित्येक वर्षे बंदरातून शहर ओळखू यायचे ते या हॉटेलाच्या घुमटावरून. त्याचा आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे स्थापत्यकार होते. काम पूर्ण होण्यापूर्वी त्यांचे निधन झाले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. शेजारचा उंच मनोरा १९७३ चा. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच वास्तूत पाहुण्यांना वाचवताना कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले; जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा सुरू झाला. पैसे देऊन मिळणारे आतिथ्य खोटे असते, हे वाक्य त्या रात्रीनंतर तरी आपण जरा जपून उच्चारावे.

तथापि आमच्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत मोठा टप्पा कोणत्याही इमारतीचा नाही. तो आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला जेथे मज्जाव करता येणार नाही अशा जागांची यादी आहे. तीत दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेल आहे. पुढच्याच उपखंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. विहीर आणि हॉटेल एका वाक्यात! पाणी आणि निवारा यांचे हे शेजार ज्या मसुदा समितीने मांडले, तिच्या अध्यक्षांना बडोद्यात पथिकाश्रमातून बाहेर काढले गेले होते. आमच्या धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ते १९३७ साली उतरले होते आणि त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला लोक अजूनही तेथे जमतात. एका माणसाच्या एका मुक्कामाची जत्रा व्हावी, याचा अर्थ स्थानपोथी वाचणाऱ्यांना वेगळा सांगायला नको.

येथे आमचा मित्र अडवील, आणि त्याने अडवलेच पाहिजे. जात विचारली जात नाही हे ठीक. पण खिसा तर विचारला जातो ना? एका रात्रीचे भाडे आमच्या धुळ्याच्या घराच्या तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक आहे. ती खोली झाडणारी बाई त्या खोलीत कधी निजणार? काळा घोड्याच्या पदपथांवरील माणसांना अरुण कोलटकरांनी ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये, २००४ साली, जागा करून दिली, तो चौक या हॉटेलापासून पायी काही मिनिटांवर आहे. आम्ही हे नाकारत नाही. किमतीचे दार हेही दारच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की या दोन दारांत फरक आहे. किमतीच्या दाराबाहेर उभा असलेला माणूस आयुष्यात एकदा पैसे साठवून आत जाऊ शकतो, निदान तशी कल्पना तरी करू शकतो. आडनावाच्या दारासाठी काहीच साठवता येत नाही. पहिले दार अन्यायकारक आहे म्हणून दुसऱ्याला ‘घरगुती जिव्हाळा’ म्हणून गौरवावे, हे आम्हांला मान्य नाही.

तेव्हा निवडीच्या कसोट्या आम्ही स्वतःच ठरवल्या. विशेष मुक्कामासाठी हॉटेल शोधणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली, मुक्कामाचे कारण एका वाक्यात लिहून काढणे. आमचे वाक्य होते : दोघांनाही सारखेच पाहुणे व्हायचे आहे. हे लिहिल्याबरोबर पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, विमानतळाची जवळीक असली निम्मी आकर्षणे आपोआप गळून पडली.

दुसरी, वेळेचा हिशेब. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी दोनच्या सुमारास मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते. म्हणजे ‘एक दिवस’ वस्तुतः बावीस तासांचा असतो. खानदेशातून रात्रीच्या गाडीने पहाटे पोचणाऱ्याने सामान कोठे ठेवायचे, हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरी, पैशांचा पूर्ण आकडा. भाडे रात्रीला ७,५०० रुपयांहून अधिक असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. न्याहारी धरली आहे की नाही, हेही पाहावे. ऐन वेळी बिल पाहून खिन्न व्हायचे असेल, तर चैन करू नये.

चौथी, खोलीची दिशा. ई. एम. फॉर्स्टरची ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ ही १९०८ ची कादंबरी, नदीकडची खोली कबूल करून अंगणाकडची दिली, या तक्रारीपासून सुरू होते. जुन्या भागात की मनोऱ्यात, समुद्राकडे की शहराकडे, हे नोंदणीच्या वेळीच ठरवावे. आम्ही जुना भाग आणि शहराकडची खोली निवडली. समुद्र दाराबाहेर फुकट आहे. आणि वास्तूचे वय खोलीतूनच अनुभवायचे होते.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची. फोन करावा आणि मराठीत बोलावे. आम्ही चार ठिकाणी बोललो. एका ठिकाणी पलीकडचा स्वर आमचे दुसरे वाक्य संपण्यापूर्वीच घाईला आला. ते नाव आम्ही लगेच खोडले. शेवटी जेथे ठरवले तेथील मुलीने मोडक्या मराठीत, पण न थकता, सारे सांगितले आणि विचारले, “उशा मऊ हव्यात की कडक?” वीस वर्षांत खोली देताना आम्हांला विचारला गेलेला हा सर्वांत निरुपद्रवी प्रश्न होता.

मग नोंदणीचा अर्ज भरला. पहिल्या पाहुण्याचे नाव, दुसऱ्या पाहुण्याचे नाव. दोन रकाने, दोन आडनावे. नाव येथेही विचारले जातेच. ओळखपत्र लागते, पोलिसांच्या नियमांसाठी नोंदवही लागते. पण ते लिहून घेतल्यावर पलीकडच्या माणसाने किंचितही थांबू नये, एवढ्यासाठी आम्ही तीन महिन्यांचे भाडे मोजले आहे. मित्राला हे पटेल की नाही, सांगता येत नाही. त्याच्या आक्षेपातला निम्मा भाग आम्ही सोबत घेऊनच जाणार आहोत.

डिसेंबरच्या एका शनिवारी निघायचे आहे. एक जण जळगावहून मुंबईच्या गाडीत बसेल. दुसरी धुळ्याहून फाट्यावरच्या गाडीने येऊन चाळीसगावला त्याच डब्यात चढेल. जळगावहून येणाऱ्याने ठरवले आहे, की गाडी थांबेल तेवढ्या वेळात फलाटावर उतरून बॅग आपल्या हाती घ्यायची. ती म्हणते, मला उचलता येते. ते खरेच आहे. पण त्या स्टेशनावर आपल्या माणसाला घ्यायला कोणीतरी उतरलेले असावे.